चाळिशीनंतरचा लांबचा पल्ला : मालमोटारीच्या व्यवसायात उशिरा येणाऱ्यांच्या पूर्वतयारीचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

उमरी, भोकर, धर्माबाद, नायगाव या गोदाकाठच्या टापूत वयाची चाळिशी ओलांडलेला एखादा गृहस्थ, वीस वर्षे एकाच व्यवसायात घालवून, लांब पल्ल्याच्या मालमोटारीवर चालक म्हणून जाण्याचा विचार बोलून दाखवू लागला, की त्याच्यापुढे दोन परस्परविरोधी सल्ले येऊन पडतात. एक सल्ला असा, की अवजड वाहनाचा परवाना काढावा, ओळखीच्या मालकाकडे रुजू व्हावे आणि पुढचे सर्व काही रस्ताच शिकवील. दुसरा असा, की हे काम मिसरूड फुटण्याच्या वयात अंगवळणी पडले तरच निभते, एरवी माणूस गाडीचेही नुकसान करतो आणि स्वतःचेही. हे दोन्ही सल्ले अनुभवातूनच आलेले असल्यामुळे त्यांपैकी कोणताही थेट उडवून लावता येत नाही. मात्र दोहोंतही ‘पूर्वतयारी’ या शब्दाखाली नेमके काय मोडते, याचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तो उलगडा करणे, या विषयावरील प्रमुख मते समतोलपणे मांडणे आणि कोणते मुद्दे अद्यापि अनिर्णित आहेत ते नोंदविणे, एवढाच आहे.

या वाटेने येणारे लोक एका साच्याचे नाहीत. तीन-चार एकर कोरडवाहू जमिनीवर सोयाबीन आणि कापूस घेणारा शेतकरी, जिनिंगच्या हंगामापुरता कामावर असणारा कामगार, काळी-पिवळी जीप चालविणारा, भाड्याने नांगरटी करणारा ट्रॅक्टरमालक, दुकान न चाललेला किराणा व्यापारी, आणि सैन्यातून ऐन कर्तेपणाच्या वयात निवृत्त होऊन परतलेला जवान, असे निरनिराळ्या थरांतील लोक त्यांत असतात. ज्याने सैन्यात अवजड वाहन चालविले आहे त्याची तयारी आणि ज्याचा संबंध दुचाकीपलीकडे कधी गेला नाही त्याची तयारी यांत अर्थातच महदंतर आहे. परंतु एक गोष्ट सर्वांना समान आहे : प्रत्येकाच्या मागे उभा संसार आहे, मुलांची शिक्षणे आहेत, बहुधा थोडेफार कर्जही आहे, आणि अपयशी ठरून पुन्हा आरंभ करण्यासाठी जितकी वर्षे वीस वर्षांच्या तरुणापुढे असतात तितकी त्यांच्यापुढे नाहीत.

पूर्वपीठिका

निजामाच्या मुलखात उमरीचे महत्त्व कापसामुळे आणि रेल्वेमुळे होते. मनमाड ते सिकंदराबाद या गोदावरी खोऱ्यातील लोहमार्गावरचे हे ठाणे. आसपासच्या काळ्या जमिनीत पिकलेला कापूस येथे सरकीपासून वेगळा होई आणि गासड्या बांधून गाडीने रवाना होई. व्यापाराचा पैसा येथे किती फिरत होता याची साक्ष हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात आहेच. जानेवारी १९४८ च्या अखेरीस लढ्यातील कार्यकर्त्यांनी निधीसाठी बँक लुटली ती उमरीचीच. त्या काळी माल रेल्वेने जाई आणि मोटार ही मुख्यतः उतारूंची सोय समजली जाई. हैदराबाद संस्थानाने १९३२ मध्ये रेल्वे खात्याच्या अखत्यारीत सरकारी मोटारसेवा सुरू केली, तिचे स्वरूपही उतारूंच्या वाहतुकीचेच होते.

मालाची वाहतूक रस्त्यावर आली ती स्वातंत्र्योत्तर काळात, आणि तिची वाढ टप्प्याटप्प्याने झाली. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवान्याची योजना आल्यावर एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात नेणे सुकर झाले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने, जो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला, परवान्यांवरील बंधने आणखी सैल केली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होऊन राज्याराज्यांच्या सीमेवरील विक्रीकराची नाकी उठली. आणि फेब्रुवारी २०२१ पासून पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. या मुदतीत नांदेड हे रस्त्यांचे मोठे संगमस्थान बनले. नागपूर-तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१, अकोल्याहून हिंगोली-नांदेड-देगलूर मार्गे तेलंगणात उतरणारा १६१, आणि भिवंडीकडून अहिल्यानगर-परभणी-नांदेड-भोकर करीत निर्मलला जाणारा ६१ हे तिन्ही येथे एकत्र येतात. उमरीच्या माणसाला त्यामुळे एका बाजूस हैदराबाद आणि दुसऱ्या बाजूस मुंबई या दोन्ही बाजारपेठा सारख्याच सुलभ झाल्या.

रस्ते आणि परवाने यांच्या या इतिहासाबरोबरच चालक घडविण्याच्या रीतीचाही एक इतिहास आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा गाडीवर क्लिनर, म्हणजे ग्रामीण बोलीतला ‘किन्नर’, म्हणून चढे. काच पुसणे, चाकावर हातोडी मारून हवेचा अंदाज घेणे, गाडी मागे घेताना हाळी देणे, ताडपत्री बांधणे, डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून गाडीतच झोपणे, ही कामे चार-पाच वर्षे केल्यावर, रिकाम्या परतीच्या प्रवासात, मोकळ्या रस्त्यावर उस्ताद, म्हणजे गाडीचा मुख्य चालक, त्याच्या हाती चाक देई. या पद्धतीत शोषण होते, कायद्याची पायमल्ली होती आणि कोवळ्या मुलांच्या आयुष्याची हेळसांडही होती. तथापि ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे पोचविणारी ती एकमेव संस्था होती, हेही मान्य केले पाहिजे. बालकामगारविरोधी कायदे, गावोगाव पोचलेले शिक्षण आणि खर्च वाचविण्यासाठी एकट्या चालकावर गाडी पाठविण्याची मालकांची प्रवृत्ती, या तीन कारणांनी ती संस्था आज क्षीण झाली आहे. चाळिशीच्या गृहस्थाची अडचण याहून निराळी आहे : ही शिडी पंधरा वर्षांच्या मुलासाठी रचलेली होती, तिच्या रचनेत त्याला जागा कधीच नव्हती. वयाने लहान उस्तादाच्या हाताखाली, जवळजवळ बिनपगारी, चार वर्षे राबणे त्याच्या संसाराला परवडणारे नाही आणि त्याच्या वयाला शोभणारेही वाटत नाही.

कायद्याची चौकट

कायद्याच्या दृष्टीने पाहिल्यास मार्ग बराच सरळ आहे. परिवहन वाहन चालविण्यासाठी किमान वय २० वर्षे ठरविलेले आहे. कमाल वयाची मर्यादा कायद्याने घातलेली नाही. त्यासाठीचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो, म्हणून ज्याच्यापाशी केवळ दुचाकीचा परवाना आहे त्याने आपल्या मनसुब्याचा आरंभ निदान दीड वर्ष आधी करावयास हवा. त्यानंतर मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला, नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीने भरलेला नमुना १-अ, शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान तीस दिवसांचा अवधी, आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयातील चाचणी, असा क्रम आहे. उमरीच्या रहिवाशाला त्यासाठी नांदेडचे कार्यालय गाठावे लागते. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. परिवहन परवान्याची मुदतही त्याच वर्षीच्या दुरुस्तीने तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेण्यात आली. ज्याला पेट्रोल, गॅस किंवा रसायनांचे टँकर चालवावयाचे असतील त्याला धोकादायक मालाचे तीन दिवसांचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजी लिहितावाचता येणेही तेथे अपेक्षित असते.

अलीकडच्या एका निर्णयाने या क्रमात एक उपयुक्त पायरी निर्माण झाली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे स्पष्ट केले, की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या इसमास, एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन चालविण्यासाठी वेगळ्या नोंदीची आवश्यकता नाही. म्हणजे भाजीपाला, कोंबडखाद्य किंवा किराणा माल वाहणाऱ्या लहान गाडीवर उमेदवारी करून या व्यवसायाची नाडी पाहण्याची मुभा, अवजड परवान्याचा खर्च करण्यापूर्वीच, मिळते.

कामाच्या तासांविषयीचा कायदा मात्र कागदावर जितका स्वच्छ तितकाच व्यवहारात धूसर आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, लांब पल्ल्यासाठी ती अनुक्रमे दहा आणि चौपन्न तासांपर्यंत शिथिल केली, आणि पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला आहे. परंतु मुळातच तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, आणि या देशातील मालमोटारींचा व्यवसाय बहुतांशी एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या हाती असल्यामुळे, ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज त्यांच्यापर्यंत ते सहसा पोचलेच नाही.

देहाची कसोटी

नमुना १-अ हा दस्तऐवज पुष्कळदा औपचारिकता म्हणून भरला जातो. वास्तविक चाळिशीनंतर येणाऱ्याने तो स्वतःच्या हितासाठी गांभीर्याने घ्यावयास हवा. या वयात जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागू लागतो, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की समोरून येणाऱ्या प्रखर दिव्याने दिपलेला डोळा पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागतो, आणि लांब पल्ल्याची निम्मी वाहतूक रात्रीचीच असते. मधुमेह आणि रक्तदाब यांचे निदान झालेले नसणे हा आपल्याकडील सार्वत्रिक दोष आहे. बारा-बारा तास बैठक, अवेळी जेवण आणि धाब्यावरील तेलकट आहार यांच्या योगाने तो दोष झपाट्याने बळावतो. घोरणाऱ्या, स्थूल माणसाच्या झोपेत श्वास अडखळत असेल, तर दिवसा त्याला चाकावर डुलकी लागण्याचा धोका वाढतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने निःसंशय सिद्ध केली आहे. पहाटे दोन ते पाच या प्रहरी माणसाच्या देहाची सावधता उपजतच मंदावते आणि कोणत्याही निश्चयाने ती पूर्णपणे राखता येत नाही.

दुसऱ्या बाजूस काही बदल अनुकूलही घडले आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्माण होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या चालककक्षात वातानुकूलन सक्तीचे करण्यात आले आहे. पॉवर स्टिअरिंगमुळे चाक फिरविण्यासाठी पूर्वीसारखे दंडाचे बळ लागत नाही. मे महिन्यात मराठवाड्यातून ज्याने जुन्या गाडीत बोनेटच्या धगीशेजारी बसून प्रवास केला आहे त्याला या सुधारणेचे मोल सांगावयास नको. तथापि नवखा चालक बहुधा जुन्याच गाडीवर नेमला जातो, आणि नव्या नियमाचा लाभ त्याच्यापर्यंत येण्यास काही वर्षे जावी लागतील.

शिक्षणाचा प्रश्न

या साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये परिवहन वाहनासाठी नियमांनी सुमारे तीस दिवसांचा अभ्यासक्रम सांगितला आहे. त्यात गाडी चालविणे शिकता येते, वाहतुकीचा धंदा शिकता येत नाही. उमरीच्या आडतीवर सोयाबीनची पोती भरून उभी असलेली दहाचाकी गाडी पाहिली, तर हा फरक ध्यानी येतो. पोती चढविणे हमालांचे काम. पण फाळका लागल्यानंतर ताडपत्री ओढणे, मागच्या ताडपत्रीवर पुढची येईल, म्हणजे वाऱ्याने उघडणार नाही, अशा बेताने एकीवर दुसरी चढवून घेणे, कोपऱ्यांच्या घड्या आत दुमडणे, आणि दोराला असा पीळ देणे की पन्नास किलोमीटरनंतर माल दबून दोर ढिला पडला तरी गाठ सुटू नये, ही चालकाची जबाबदारी असते. एक घडी चुकीच्या बाजूस राहिली आणि वाटेत पावसाची सर आली, तर वरच्या थराची पोती भिजतात. माल उतरवून घेणारा ओलावा मोजतो, भाड्यातून कपात करतो, आणि ती कपात कोणाच्या नावे लिहायची याचा वाद सुरू होतो. याच जातीचे ज्ञान काट्यावरची पावती वाचण्यात, बिल्टी आणि ई-वे बिल यांतील मुदत पाहण्यात, घाटात ब्रेकवर भार न टाकता खालच्या गिअरमध्ये उतरण्यात, आणि कोणत्या धाब्यावर रात्री गाडी लावली असता डिझेल शाबूत राहते हे ठाऊक असण्यात आहे.

अधिक भरीव प्रशिक्षण देणाऱ्या संस्था नाहीत असे नाही. पुण्याजवळ भोसरी येथील केंद्रीय रस्ते परिवहन संस्था १९६७ पासून कार्यरत आहे. तामिळनाडूतील नामक्कल, जे मालमोटारींचे देशातील एक प्रमुख केंद्र गणले जाते, तेथे अशोक लेलँडने १९९० च्या दशकात चालक प्रशिक्षण संस्था उभारली. परदेशातही या प्रश्नाकडे अलीकडे निराळ्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने जुलै २०१७ पासून ट्रॅक्टर-ट्रेलरच्या परवान्यासाठी किमान १०३.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. अमेरिकेने फेब्रुवारी २०२२ पासून नवागतांसाठी देशव्यापी किमान अभ्यासक्रम लागू केला. परंतु संसारी माणसाला महिनाभर पुण्यास राहण्याचा खर्च आणि त्या अवधीतील बुडीत रोजगार या दोहोंचा मेळ घालणे अवघड जाते, म्हणून जवळच्या शाळेचा दाखला आणि ओळखीच्या चालकाची सोबत हाच मार्ग बहुतेकांच्या वाट्यास येतो.

अर्थाची बाजू

चाळिशीत व्यवसाय बदलणाऱ्यापुढे दोन वाटा असतात : पगारी चालक होणे, किंवा कर्ज काढून गाडी घेणे. पगारी चालकास दरमहा वेतन आणि रोजचा भत्ता, किंवा खेपेमागे ठराविक रक्कम मिळते. वाटखर्चासाठी मालक जी खर्ची देतो तिच्यातून डिझेल, पथकर, वाराई (माल चढविण्या-उतरविण्याची मजुरी) आणि किरकोळ दुरुस्ती भागवून उरलेल्याचा हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब लिहिण्याची सवय नसल्यामुळे पहिल्या वर्षात नवख्याचे आणि मालकाचे खटके उडतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

मालकीची वाट प्रतिष्ठेची वाटते, पण तिचे गणित कठोर आहे. नवा दहाचाकी ट्रक आज तीस लाखांच्या पुढे जातो. त्यापैकी २५ लाखांचे कर्ज शेकडा ९ व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ५२ हजारांचा येतो. उमरीहून भिवंडीस जाण्यास सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. भरल्या गाडीला लिटरमागे चार किलोमीटरचे अॅव्हरेज धरले, तर एका बाजूस दीडशे लिटर, म्हणजे नव्वद रुपये दराने साडेतेरा हजारांचे डिझेल लागते. यावर पथकर, टायर, विमा, फिटनेस आणि परतीचे भाडे मिळेपर्यंत ट्रान्सपोर्टच्या दारात होणारा खोळंबा. परतीचा माल मिळाला तरच फेरी लाभाची, न मिळाल्यास रिकाम्या गाडीचे डिझेल अंगावर. गाडी उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळासारख्या संस्थांच्या व्याज परतावा योजनांनी हा भार काहीसा हलका होतो, परंतु मुद्दल फेडण्याची जोखीम कायम राहते. आणि तारण म्हणून शेत लिहून दिले असेल, तर एका अपघाताने दोन्ही व्यवसाय एकदम जाण्याचा संभव असतो.

सामाजिक सुरक्षेच्या बाबतीत वयाचा अडसर अधिकच स्पष्ट दिसतो. अटल पेन्शन योजनेत आणि श्रमयोगी मानधन योजनेत प्रवेश चाळिशीपर्यंतच मिळतो. म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी या व्यवसायात पाऊल टाकणाऱ्यास ती दारे आधीच बंद झालेली असतात. जीवनज्योती विम्यात पन्नाशीपर्यंत आणि सुरक्षा विम्यात, वर्षाला वीस रुपये भरून, सत्तरीपर्यंत सामील होता येते. ई-श्रम नोंदणी एकोणसाठ वर्षांपर्यंत खुली आहे. कामावरील अपघाती मृत्यूची भरपाई ठरविताना जो गुणक लावतात तो वयाबरोबर घटत जातो. स्वतः गाडीचा मालक असलेल्या चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण विम्यात आहे, पण ते परवाना वैध असेल तरच लागू होते. हे सर्व तपशील नोकरी धरण्यापूर्वी पाहावयाचे असतात. आपल्याकडे ते बहुधा दुर्घटनेनंतर कुटुंबातील स्त्रियांना पाहावे लागतात.

प्रमुख मतप्रवाह

या प्रश्नावर स्थूलमानाने तीन मते दिसतात. पहिले मत शासनाचे आणि वाहतूक उद्योगाचे. देशात कुशल चालकांची २२ लाखांची उणीव आहे, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितले, आणि प्रशिक्षण केंद्रांचे जाळे उभारण्याची योजनाही पुढे आली. या मताच्या पुरस्कर्त्यांना मध्यमवयीन उमेदवार हवासा वाटतो. तो व्यसनांपासून तुलनेने दूर, वेगाच्या मोहात न पडणारा आणि घरची जबाबदारी असल्यामुळे काम टिकवून धरणारा असेल, अशी त्यांची अपेक्षा असते.

दुसऱ्या मतानुसार उणीव माणसांची नसून माणसाला राहावेसे वाटेल अशा परिस्थितीची आहे. अमेरिकेत हाच वाद दीर्घकाळ चालला. तेथील वाहतूकदारांची संघटना चालकांच्या तुटवड्याचा पुकारा करीत असता, स्टीफन बर्क्स आणि क्रिस्टन मोनॅको या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये असे दाखविले, की चालकांचा श्रमबाजार इतर बाजारांसारखाच चालतो आणि वेतन पुरेसे वाढल्यास माणसे येतात. आपल्याकडे सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बाराशेहून अधिक चालकांच्या पाहणीत दिवसाला सरासरी बारा तासांच्या आसपास गाडी चालविली जाते असे आढळले, आणि आपल्या नातलगांना या व्यवसायाची शिफारस करणार नाही असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ऐंशीहून अधिक होते. जानेवारी २०२४ मध्ये, अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध जो देशव्यापी संप झाला, आणि ज्यामुळे महाराष्ट्रातील पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, त्याच्या मुळाशीही हीच असुरक्षितता होती. संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आली तेव्हा ते कलम तूर्त स्थगित ठेवण्यात आले. या मताचे लोक विचारतात, की तरुण ज्या कामातून अंग काढून घेत आहेत त्यात प्रौढांना ओढणे ही उपाययोजना, की केवळ गळतीची भरपाई?

तिसरे मत अनुभवी चालकांच्या बोलण्यातून ऐकू येते आणि ते क्रमावर भर देणारे आहे. आधी लहान मालवाहू गाडी तालुक्याच्या परिघात चालवावी, मग सहाचाकीवर नांदेड-लातूर-हैदराबाद या एका रात्रीच्या अंतरात हात बसवावा, आणि निदान एक पावसाळा व एक हंगाम पाहिल्यावरच मुंबई किंवा त्यापलीकडच्या मार्गास लागावे. शेत असेल तर ते पहिली दोन वर्षे विकू नये, बटईने द्यावे. गाडी घेण्याची घाई करू नये. या मताचा दोष एवढाच, की ते ज्या सावकाशीचा उपदेश करते ती सावकाशी परवडण्याजोगी शिल्लक पुष्कळांपाशी नसते. मराठवाड्यात २०१२ पासून आलेल्या दुष्काळांनी आणि २०२५ च्या पावसाळ्यातील अतिवृष्टीने ज्यांना शेतीबाहेर ढकलले, त्यांच्या निवडीत स्वेच्छा किती आणि लाचारी किती, हे ठरविणे सोपे नाही.

अनिर्णित मुद्दे

पहिला अनिर्णित मुद्दा वय आणि अनुभव यांच्या परस्परसंबंधाचा आहे. तरुण चालक अधिक धोका पत्करतात हे जगभर मान्य आहे, आणि अवजड वाहनावरील पहिली वर्षे अधिक धोक्याची असतात हेही मान्य आहे. पण पंचेचाळीस वर्षांचा नवशिका यांपैकी कोणत्या बाजूस झुकतो? २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात होऊन १,६८,४९१ माणसे दगावली, असे शासकीय अहवाल सांगतो. त्या अहवालात चालकाचा परवाना वैध होता की नाही हे दिसते, मात्र अवजड वाहनावर त्याला किती वर्षे झाली होती हे दिसत नाही. ही एक नोंद वाढविली तरी वादाचा मोठा भाग निकालात निघेल.

दुसरा मुद्दा शिक्षणाच्या खर्चाचा. किन्नरपद्धतीत हा खर्च मुलगा स्वतःच्या श्रमाने आणि बालपणाने भरीत असे. ती पद्धत मावळल्यावर तो कोणी सोसावा : उमेदवाराने, मालकाने, विमा कंपनीने, की शासनाने? मोठ्या कंपन्या आपापल्या चालकांना तयार करू शकतात. एका गाडीचा मालक आपली एकुलती गाडी नवख्याच्या हाती सरावासाठी देऊ शकत नाही, आणि नवख्याला तर सराव गाडीवरच करावयाचा असतो.

तिसरा मुद्दा व्यवसायाच्या भवितव्याचा. रेल्वेचे मालवाहू समर्पित मार्ग लांब पल्ल्याचा काही माल रुळांवर परत नेतील असे मानले जाते. स्वयंचलित वाहनांची भारतातील शक्यता मात्र अद्याप दूरची दिसते. ज्याच्या हाती कामाची पंधरा-अठरा वर्षे आहेत त्याच्यासाठी हा प्रश्न तरुणाइतका निकडीचा नाही, एवढे म्हणता येईल.

उपसंहार

उपलब्ध माहितीवरून एवढे निष्पन्न होते, की परवाना मिळविणे हा या तयारीचा सर्वांत सोपा आणि सर्वांत नियमबद्ध भाग आहे, आणि नेमक्या त्याच भागावर उमेदवारांचे सर्व लक्ष केंद्रित होते. देहाची तपासणी, विमा व निवृत्तिवेतनाची वेळेवर तजवीज, वर्षभराच्या घरखर्चाची तरतूद आणि अनुभवी चालकाशेजारी बसून काढलेल्या काही खेपा, यांची गणती कोणत्याही कार्यालयात होत नाही, आणि तरीही यशापयश त्यांवरच अवलंबून असते. तिसऱ्या मतातील क्रमाचे तत्त्व आजमितीस सर्वाधिक व्यवहार्य दिसते. परंतु ते अंमलात आणण्यासाठी लागणारा वेळ प्रत्येक उमेदवाराने एकट्याने विकत घ्यावा ही स्थिती न्याय्य म्हणता येणार नाही. नांदेड किंवा लातूर येथे, पगार देऊन सहा महिने अनुभवी चालकाच्या सोबतीने खेपा करू देणारी एखादी उमेदवारीची योजना उभी राहिली, तर पहिल्या दोन मतांतील विरोध पुष्कळसा मावळेल, कारण मग चालकांची उणीव भरून काढणे आणि चालकाचे जिणे सुसह्य करणे ही दोन कामे एकाच ठिकाणी सुरू होतील. तोवर जो या वाटेस लागेल त्याने परवान्याच्या अर्जापूर्वी घरच्या माणसांसह बसून वर्षाच्या खर्चाचा एक लेखी ताळेबंद मांडावा, आणि त्या ताळेबंदात उत्पन्नाचा रकाना पहिले सहा महिने निम्मा धरावा.